खुंटीवरची पैंजणं

प्राचीताई,

तुमच्या आईनं, म्हणजे आजींनी, मृत्युपत्रात हुपरीची चांदीची पैंजणं माझ्या नावानं ठेवलीत, असं तुम्ही काल फोनवर म्हणालात. आम्ही सांभाळणाऱ्या बायकांनी पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा एजन्सीचा नियम आहे, म्हणून मी नको म्हटलं. नियम खरा आहे, पण माझं कारण ते नाही.

आजींना दिसत नव्हतं. "ही पायात घाल की. तू घरात कुठं हाईस ते मला कळू दे," म्हणाल्या. मी आल्यावर घालायची, जाताना खुंटीला अडकवायची.

त्या दुपारी बहिणीशी फोनवर बोलायचं होतं. पैंजणं काढून मी गुपचूप गच्चीवर गेले. आवाज येईना म्हणून आजी मला शोधायला उठल्या आणि पडल्या. तुम्हाला मी सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. आजींनीही तेच सांगितलं. मृत्युपत्र त्यांनी त्यानंतर केलं.

त्यांनी माझं झाकलं. मी झाकणार नाही. हे पत्र पाठवायचं नाही, रविवारी तुमच्यासमोर उभी राहून सांगायचं आहे. पैंजणं खुंटीलाच आहेत. माझं सगळं ऐकल्याशिवाय ती खाली काढू नका.

त्या दुपारी गच्चीवर होती ती,
स्वप्नाली