माझं तर्पण बंद करा

१२ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची काशीला! धुक्यामुळे गाडी सहा तास उशिरा आली, पण माझा उत्साह काही कमी झाला नाही. दूधविनायकाच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. तेव्हा पुढे हमाल, मागे मी, अशी आमची वरात निघाली आणि समोरून एक बैल आला. त्याने वाट दिली नाही. मीही दिली नाही. शेवटी हमालानेच आम्हां दोघांची समजूत काढली.

घरमालकीण वीणाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं पाच पिढ्या इथलं. मराठी गोड बोलतात, पण मध्येच गाडी हिंदीत घसरते. आधी चाय घे म्हणाल्या, सामान कुठे पळून जातंय. वरच्या दोन खोल्या माझ्या. गच्चीच्या कोपऱ्यातून गंगा दिसते, चतकोर भाकरीएवढी.

बढतीवर बदली झाली आहे. बँकेच्या इथल्या शाखेतही माझ्याकडे ग्राहकांच्या तक्रारीच असणार. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नवं गाव, नवी वही. शाई नेहमीसारखी डाव्या हाताला फासली गेली आहे. डावखुऱ्यांनी शाईचं पेन वापरू नये, असं बाबा म्हणायचे. मी वापरते.

१३ जानेवारी, मंगळवार

आज साफसफाई. घराची नव्हे, फोनची. नव्या गावात जुनी सबस्क्रिप्शनं नकोत. चिपळूणची जिम बंद. सिनेमांची दोन अ‍ॅप बंद. रोज सकाळी माझ्या वजनावरून टोमणे मारणारं एक होतं, तेही बंद. मन शांत करायला शिकवणाऱ्या अ‍ॅपने तर बंद करताना माझं डोकं इतकं फिरवलं की शेजारच्या गच्चीवरचं माकड घाबरून पळालं. चार पानं मागे, दोन पानं पुढे, खरंच जाताय का, थोडं थांबा ना. या लोकांच्या सगळ्या खोड्या मला पाठ आहेत. आजवर मला एकानेही अडवलेलं नाही.

आता एकच उरलंय. तिलोदक.

हे मात्र लाजेचं आहे, लिहूनच टाकते. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांचं नाव बिंदुमाधव. आजीने काशीच्या बिंदुमाधवावरून ठेवलेलं, पण त्यांनी काशी कधी पाहिली नाही. शेवटच्या आजारपणात एवढंच म्हणाले होते, मुक्ते, कधी गेलीस तर माझ्या नावाने ओंजळभर पाणी सोड. मला कुठला वेळ! मग डिसेंबरात फोनवर जाहिरात दिसली. रोज सकाळी काशीच्या घाटावर तुमच्या माणसासाठी गुरुजी तीळपाणी देणार, व्हिडिओ पाठवणार, पहिला महिना फुकट. बसस्टँडवर उभ्या उभ्या अर्ज भरला आणि सुटले. व्हिडिओ एकही पाहिला नाही. आता मी स्वतःच इथे आले आहे, मग भाडोत्री पाणी कशाला? उद्या बंद करते.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. इथले लोक तिला खिचडीच म्हणतात आणि खिचडीच खातात. वीणाताईंनी मात्र तिळगूळ दिला आणि गोड बोलायला बजावलं. मी म्हटलं, प्रयत्न करते.

अ‍ॅपचं ‘रद्द करा’ सापडायला पाऊण तास गेला. ते दाबलं तर विचारतंय, आपल्या माणसाला तहानलेलं ठेवणार का? शरम नाही मेल्यांना. ‘हो’ दाबलं. मग म्हणे, विनंती मिळाली.

थंडीमुळे असेल, दोन दिवस तहान अशी लागलीच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

विनंती गेली कुठे देव जाणे, आज पुन्हा व्हिडिओ आला. म्हटलं, निदान बघू तरी. धुक्यातला घाट, मफलर बांधलेले एक म्हातारे गुरुजी, समोर तांब्याचं ताम्हन. आवाज मोठा केला. गुरुजी स्पष्ट म्हणत होते, मुक्ता बिंदुमाधव रिसबूड, तृप्यताम्. आणि हातातून पाणी सोडलं.

आधी हसूच आलं. चूक माझीच. अर्जात एकच रकाना होता, पूर्ण नाव. आपण लिहितो तसं लिहिलं, आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. वाटलं, देणारी मी आणि घेणारे बाबा, दोघंही त्यात आले. पण इकडे नावाच्या मध्ये बापाचं नाव घालायची रीतच नाही. त्यांच्या लेखी ते सगळं मिळून एकच माणूस, आणि तोही मेलेला. म्हणजे डिसेंबरपासून माझंच तर्पण चाललंय आणि बाबा कोरडेच.

वीणाताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तुरंत बंद कर, म्हणाल्या.

दातात तीळ अडकला होता. तिळगुळातला म्हणावा तर तो पांढरा. हा काळा.

१९ जानेवारी, सोमवार

त्यांच्या मदत केंद्राला फोन केला. मुलगी मधाळ आवाजात बोलत होती. म्हणाली, रद्द करण्याचा अधिकार फक्त खातेदाराला. मी म्हटलं, खातेदार मीच. ती म्हणाली, नोंदीप्रमाणे खातेदार दिवंगत आहेत, वारसाने मृत्यूचा दाखला जोडावा. मी जिवंत असल्याचं चांगल्या खणखणीत शब्दांत सांगितलं. तिने शांतपणे माझं सांत्वन केलं. माझं! माझ्याच मरणाबद्दल!

मग अ‍ॅपच काढून टाकलं. घ्या.

बँकेत हजेरीच्या यंत्राने अंगठा घेतला नाही. पाच वेळा पुसून लावला. थंडीत होतं म्हणे असं.

२० जानेवारी, मंगळवार

अ‍ॅप नाही, तरी साडेनऊला व्हिडिओ फोनमध्ये हजर. गुरुजींच्या हातातून पाणी पडलं, त्याच क्षणी माझा घसा ओला झाला. गार पाणी, तिळाच्या चवीचं. बेसिनमध्ये थुंकले. चार काळे तीळ.

आठ दिवसांत मी घोटभरसुद्धा पाणी प्यायलेले नाही. आता भूकही नाही. तृप्त आहे मी. भीती वाटते आहे, आणि तिच्याहून जास्त संताप येतो आहे. माझ्या परवानगीशिवाय मला कोण तृप्त करतंय?

२२ जानेवारी, गुरुवार

रजा टाकून व्हिडिओतला घाट शोधला. अमृतराव घाट, घरापासून चालत अर्धा तास. गुरुजी तिथेच होते. विश्वेश्वर त्यांचं नाव. पुढ्यात कंपनीने दिलेली पाटी, तिच्यावर एकेक नाव उजळतं, ते वाचायचं आणि पाणी सोडायचं. नाव मिटवणं त्यांच्या हातात नाही. माझी हकीकत ऐकून त्यांनी ताम्हन बाजूला ठेवलं. मी नीट दिसावी म्हणून त्यांना एकदोनदा डोळे बारीक करावे लागले.

मी विचारलं, यातून सुटायचं कसं? ते म्हणाले, “बेटी, लेनेवाला ना नहीं कह सकता. देनेवाला बनो.” मेलेल्याला पाणी घेता येतं, देता येत नाही. ज्याच्या हातातून पितरांना पाणी पडलं, तो जिवंत, त्याला कुणाचा दाखला लागत नाही. पण पाणी हातातून पडायला हवं. आणि बायका हे करत नाहीत, हेही हळूच म्हणाले. मी म्हटलं, मग आता करतील.

तिथल्या तिथे गंगेत हात घातला, उजव्या हातात पाणी घेतलं, बाबांचं नाव घेतलं, हात कलता केला. पाणी पडलंच नाही. तळहाताने पिऊन टाकलं. वाळूत जिरावं तसं.

२३ जानेवारी, शुक्रवार

काढलेलं अ‍ॅप परत आलंय. नवीन सूचना आहे. सेवा थांबवता येत नाही, नाव मात्र बदलता येईल. खाली माझ्या फोनमधली नावं, आणि सगळ्यांत वर ईशानी. माझ्या भावाची, केयूरची मुलगी, माझी भाची, एकोणीस वर्षांची, पुण्यात शिकते. तिच्या फोटोखाली लिहिलंय, एका स्पर्शात बदला.

एक बोट टेकवलं की मी मोकळी. फोन उशीखाली नाही, डाळीच्या डब्यात ठेवला आणि वर वरवंटा ठेवला. चुकूनसुद्धा बोट लागायला नको.

नाही म्हणजे नाही.

२४ जानेवारी, शनिवार

वीणाताईंनी आज एकटीसाठीच चहा केला. मी समोर उभी. फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, वरच्या खोल्या रिकाम्या आहेत, बाई आली होती, गेली बहुतेक.

मोठ्याने हाक मारली. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली, गार वारा येतो म्हणून.

रडले. मग तोंड धुतलं. पाणी तोंडावर टिकत नाही, आत जातं.

पुन्हा घाटावर गेले. हातात पाणी. पडलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

आपण नाव निवडलं नाही, असं अ‍ॅप म्हणतंय. म्हणून बुधवारपासून कुटुंब योजना आपोआप सुरू. ईशानी जोडली जाईल. आजचा आणि उद्याचा दिवस तिला भेट म्हणून फुकट.

ईशानीला फोन लावला. हॅलो, हॅलो, आत्या, आवाज येत नाही, म्हणाली. निरोप पाठवले, एकही पोचत नाही.

दुपारी तिचाच निरोप आला. आत्या, कुठेस तू? सकाळपासून मला तहानच लागत नाही गं, आणि दातात सारखे तीळ, आम्ही तर तिळाचं काही खाल्लं नाही —

मेल्यांनो, तिच्याकडे बघायचं नाही. ती माझी आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

दिवसभर पायरीवर बसले. चौसष्ट वेळा. एकदाही नाही —

संध्याकाळी कळलं कुठे चुकतंय. मी दर वेळी सुटण्यासाठी पाणी सोडत होते. माझ्यासाठी. बाबांचं फक्त नाव घेत होते. म्हणजे ते पाणी माझंच, मग मलाच मिळणार. बाबांना द्यायला म्हणून मी आले कधी? सव्वा वर्षात एकदाही नाही. अर्ज भरला आणि सुटले.

बाबा, चुकले मी. तुम्हांला ओंजळभर पाणी हवं होतं. मी तुम्हांला व्हिडिओ दिला.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळ. अमृतराव घाट, गुरुजींच्या खालची पायरी. वही मांडीवर. डावखुरी असल्याचा आज उपयोग, उजव्या हातात पाणी, डाव्याने लिहिते. पुरावा राहायला हवा.

गुरुजींना मी दिसत नाही. पाटी उजळली. दोन नावं. पहिलं माझं, खाली ईशानी.

फोन थरथरतोय. शेवटची संधी, म्हणतंय. एका स्पर्शात — फोन गंगेत टाकला. जा.

बाबा, सुटका नको मला. हे तुमचं आहे. थंड आहे, सांभाळून घ्या. बिंदुमाधव, इतक्या उशिरा आले, रागावू नका —

गुरुजी माझं नाव घेताहेत. मुक्ता बिंदु — मी हात कलता —

पडलं. अंगठ्याखालून पडलं. पायरी ओली झाली. मला दिसतेय, ओली आहे. आणि तहान लागली आहे मला, इतकी तहान —

गुरुजी थांबले. ओल्या पायरीकडे बघताहेत. दुसरं नाव अजून घेतलेलं नाही. घेऊ नका. मी आहे इथे, वर बघा, गुरुजी, वर — मान उचलताहेत — आता माझ्याक