चादरघाटाचं अळणी गाठोडं

माय, तू विसरली असशीलच. जिवंत होतीस तेव्हा चुलीवर दूध ठेवून शेजारच्या जात्यावर गप्पा हाणायला जायचीस आणि दूध उतू गेलं की मांजराला शिव्या घालायचीस. आता तर तुला जाऊन इतकी वर्षं झाली. म्हणून आधी आठवण करून देते, मी तुझी थोरली. नाकात बोलायची ती धाकटी, मी नव्हे. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, म्हणजे या पत्रापुरत्या आपण दोघी बरोबरीच्या. मी बोलायलेय आणि माझी नात लिहायलीय. ती मधेच पेन थांबवून विचारते, "आजी, हे असंच लिहू?" मी म्हणते, असंच लिही बाई, वाचणारी काही मास्तरीण नाही.

मी हैद्राबाद बघून आले. हे तुला सांगायचंय. पण त्याआधी तुझा स्वयंपाक आठव. दिवाळी सरलेली आहे, तुझे मालक, म्हणजे आमचे दादा, तुपाचे डबे घेऊन मोगलाईच्या राजधानीला निघालेत. वालूरहून सेलूपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. गळ्यात लिंग बांधलेला लिंगायत माणूस, दुसऱ्याच्या हातचं खाणार नाही, म्हणून चार दिवसांचे धपाटे तू बांधून देतेस. आणि त्यांना दोन गाठोडी लागतात. मोठं त्यांच्यासाठी, धोतराच्या पांढऱ्या फडक्यात. लहान तुझ्या जुन्या लाल लुगड्याच्या तुकड्यात, "तिथल्या बहिणीला" म्हणून. तुला नणंदच नव्हती, तर ही बहीण आली कुठून? तरी पहिल्या वर्षी तू दोन्ही बांधून दिलीस. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पिशवीत तुला चोळीचा कोरा खण सापडला. काथवटीत पीठ, तीळ, ओवा, तिखट घालून तू मला पुढं ओढलंस. मी दहा-अकरा वर्षांची असेन.

"ल्हान गाठोड्याचं पीठ येगळं मळ. मीठ टाकू नगंस."

"का गं माय?"

"सवतीला मीठ कशाला? खाऊ दी आळणी. आन् बापाला सांगितलंस तर हे उलथनं तापवूनच ठिवलंय."

उलथनं खरंच तव्यावर होतं. मी मळलं. पुढची सहा वर्षं, माझं लग्न होईस्तोवर, ते अळणी पीठ मीच मळत आले. दादा परत आले की तू विचारायचीस, "धपाटे पुरले का?" ते म्हणायचे, "पुरले की. लय झकास झाले हुते." मग ताटावर बसून आधी मीठ मागायचे. भाकरीवर मीठ, कांद्यावर मीठ, ताकात मीठ. तू म्हणायचीस, "राजधानीत मीठ मिळत न्हाई वाटतं." ते हसायचे. मला वाटायचं, माणूस तिकडे मजा करून आलाय, म्हणून हसतोय.

जेवण झाल्यावर ते मला शहर सांगायचे. तू भांडी जरा जास्तच आदळत घासायचीस, पण तुझे कान इकडेच असायचे, हे मला ठाऊक आहे. "काचीगुड्याला उतरलं की नाक उघडं ठिवून चालायचं. आधी कोळशाचा वास येतो, मग भट्टीतल्या पावाचा, मग नदीचा. नदीचा वास आला की चादरघाटाचा पूल. पूल उतरून दगडी कमान, कमानीच्या आत चिंच, चिंचेपासून तिसरं दार." हे मी पाढ्यासारखं पाठ केलं. शाळेत गेले असते तर पाढेच पाठ केले असते, पण तुझ्या घरात शाळा म्हणजे शेण थापायला उशीर.

तर गेल्या साली माझा लेक तिकडं कारखान्यात लागला आणि म्हणाला, माय, आठ दिवस ये. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा आपल्याकडचे रस्ते कधी बंद, कधी चालू. माझ्या सासरहून, सोनपेठहून, एसटीच सुटेना. गाठोडं बांधून दोन दिवस स्टँडवर जाऊन परत आले, तिसऱ्या दिवशी परभणी गाठली आणि रेल्वेत बसले. लेकाचं घर सनतनगरला, शहराच्या पार कडेला. एकसारखी घरं, एकसारखी दारं. पहिल्या दिवशी मी शेजारणीच्या घरात जाऊन चुलीपुढं बसले, तिनं चहा दिला तेव्हा कळलं की ही माझी सून नव्हे. मग सुनेला म्हटलं, मला शहर दाखव. रोज एक भाग. बेगमबाजारात दादा जिथं तूप विकत तिथं आता प्लास्टिकच्या बादल्या. चारमिनारला बांगड्यांची नुसती भिंत, सून तिथून हलेना. सिकंदराबादला रस्ते एवढे रुंद की पलीकडं जाईस्तोवर भूक लागते. आणि एक गंमत सांगू? दुकानांवर, बसवर सगळं तेलुगू नाहीतर उर्दू. सून मॅट्रिक झालेली, तिलाही वाचता येईना. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा शिकलेली आणि न शिकलेली एका रांगेत उभ्या. बसचा नंबर मीच विचारायची, कारण मोगलाईतलं मोडकंतोडकं उर्दू मला येत होतं.

हे फिरणं सगळं निमित्त होतं. मला ते तिसरं दार बघायचं होतं. आत माझी सावत्र माय होती का, सावत्र भावंडं होती का, तू जन्मभर जे मनात घेऊन मेलीस ते खरं होतं का, एवढंच. सातव्या दिवशी सुनेला घेऊन काचीगुड्याला उतरले. कोळशाचा वास गेलेला. पावाची भट्टी मात्र तशीच, वासानंच सापडली. नदीचा वास आता इतका येतो की पूल चुकायची सोय नाही. कमान होती. चिंच नव्हती, बुंधा होता, त्यावर एक कोंबडी. तिसऱ्या दारात माझ्याच वयाची बाई तांदूळ निवडत बसलेली.

"कौन होना?"

मी म्हटलं, "हमारा बाप इधर उतरता था. परभनीवाला. घी बेचता था."

तिनं सूप खाली ठेवलं. "घीवाले मामू? तुम उनकी बेटी?" मी हौ म्हटलं. तिनं माझा हात धरून आत नेलं, बसवलं, ताक पुढं ठेवलं, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "मामू का नमक का मरज अच्छा हुआ था क्या?"

"कौनसा मरज?"

"हकीम नमक मना करे थे ना. दो पोटली लाते थे. सफेद अम्मा कू देते थे, लाल खुद रख लेते थे. फीकी रोटी पानी में डुबा-डुबा के खाते थे, चार-चार दिन. अम्मा बोलते, भाई, जरा नमक देऊं? तो बोलते, नक्को आपा, हकीम का हुकुम है."

तिची अम्मा विधवा. एका साली दादा तापानं त्या पुलावर पडले होते, तिनं उचलून ओसरीवर आणलं. तेव्हापासून ते दरसाल तिथंच उतरायचे. मुसलमानाघरी उतरतात हे आपल्या गावात कळलं असतं तर मठाच्या स्वामींनी घराची पायरी सोडली असती, म्हणून त्यांनी तोंड उघडलं नाही. आणि खण? तो तिनं मला दाखवला. तिथल्या बाया खणाची चोळी घालत नाहीत, म्हणून अम्मानं त्याची कुराणाला गवसणी शिवली होती. काठ अजून चांगला आहे. माय, बायकोला लुगडं नेतात, खण भाऊबीजेला बहिणीला नेतात. एवढी शहाणी तू, तुला एवढं सुचू नये? मलाही सुचलं नाही.

सून माझ्याकडं बघत होती, मी रडेन म्हणून. मला काही झालं नाही. समोरच्या ताकात माशी पडली होती, ती काढावी का, एवढंच डोक्यात येत राहिलं. बाईनं पुन्हा विचारलं, बरा झाला का तो आजार? मी म्हटलं, "हौ. गाव में आते ही अच्छा होता था." ती म्हणाली, शुकर है. मग म्हणाली, तुमच्या अम्माच्या हातचे धपाटे फार चांगले असायचे. तेही मी तुझ्या वतीनं ऐकून घेतलं. खरं सांगितलं नाही.

येऊन वर्ष झालं. अजून काही वाटलेलं नाही. दळण, भाकरी, झोप, सगळं नीट चाललंय. हे पत्र टाकायचं नाही. तुला शेताच्या बांधाला बसवून माती दिलीय, तिथं टपाल जात नाही, आणि तुला हे कळून आता बसल्या जागी काय करशील? दादाही तुझ्या शेजारीच आहेत. त्यांनी एवढी वर्षं सांगितलं नाही, तर मी कशाला सांगू.

हं, पोरी, तिचं लिहून झालं. आता तुझ्यासाठी ऐक. सुट्टीला आलेला तुझा काका परवा हैद्राबादला परत जायलाय. त्याच्यासंगं तिसऱ्या दारी धपाटे पाठवायचेत. चांगले पंचवीस कर, तीळ सढळ हातानं घाल आणि मीठ मी स्वतः टाकीन, तू हात लावू नकोस. पांढऱ्या फडक्यात बांध. आणि शेवटी मूठभर पीठ अळणीच राहू दे, त्याचा एक धपाटा माझ्या ताटात वाढ. सहा वर्षं मळलं मी ते पीठ, पण कधी तोंडात घालून बघितलं नाही.