जिथे कुदळ चालत नाही

कानयेंजे, जि. दोवा
१२ जून

चि. लुफेयो यास झियोनेताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

राष्ट्राध्यक्षांचं भाषण आम्ही गावप्रमुखांच्या रेडिओवर ऐकलं. पडीक जमीन हा देशावरचा डाग आहे, ती आता उसाच्या कंपन्यांना देणार, एवढं कळलं. पेपरवाल्यांचं मात्र नवल वाटलं. एकाने टाळ्या मोजल्या, दुसऱ्याने इंग्रजीतल्या चुका काढल्या, तिसऱ्याने टायच्या रंगावर अर्धं पान भरलं. त्या सगळ्यांत आपला लुफेयोच शहाणा, असं गावप्रमुख म्हणाले आणि तुझा लेख त्यांनी हातपंपापाशी मोठ्याने वाचला. ‘जिथे कुदळ चालत नाही, ती जमीन पडीक’ या वाक्याला बायका खूप हसल्या. तुझ्या हातात कुदळ कधी पाहिली, हे कुणालाच आठवेना.

मका घरात आला. माझी तदाला, तुझी भाची, रोज विचारते, मामा कधी येणार. देशाच्या काळजीतून उरला तर थोडा लोभ आमच्यासाठीही ठेव.

तुझी,
झियोनेताई

ब्लॅन्टायर
२० जून

ती. झियोनेताईस लुफेयोचा सा. न. वि. वि.

हसा खुशाल. त्याच वाक्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून आभाराचा फोन आला. संपादकांनी मला तळ्यातला चाम्बो मासा खाऊ घातला, तोही स्वतःच्या पैशाने, म्हणजे बघ. दुसऱ्या पेपरातल्या एका स्तंभलेखकाने मला दरबारी भाट म्हटलं आहे. जळतो मेला.

सुटी मिळाली की येतो. तदालाला गोड पापा. तुझी बोलणी खाऊन वाढलोय, ती चालू ठेव.

तुझा,
लुफेयो

कानयेंजे
३ जुलै

चि. लुफेयो यास आशीर्वाद.

आज थट्टा सुचत नाही. मंगळवारी मोजणीवाले आले आणि दफनभूमीच्या झाडीत लाल खुंट्या ठोकून गेले. तिथली फांदीसुद्धा आपण कुणी मोडत नाही, म्हणून तर ती झाडी इतकी दाट. त्यांच्या नकाशात ती पडीक निघाली. आम्ही बायका आडव्या आलो, इथे आमची माणसं निजलीत म्हणून सांगितलं. मोजणीच्या साहेबाने खिशातून कात्रण काढलं, तुझं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, हा तुमच्याच गावचा ना?

लुफेयो, तिथे कुदळ चालते. आईसाठी चालली तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास.

येत्या शुक्रवारी जिल्ह्याचे अधिकारी झाडीपाशी बैठक घेणार आहेत. त्या दिवशी ठरलं की ठरलं. आपल्यात जमीन आम्हा बायकांची, पण परक्यांसमोर तिच्या बाजूने बोलायचं ते बाईच्या भावाने, मुलांच्या मामाने, हे तुला मी शिकवायला नको. तुझी चटई मी टाकणार आहे. ती रिकामी राहिली तर गावाने काय समजायचं ते समजेल.

रागावलेली, पण ताईच,
झियोने

ब्लॅन्टायर
७ जुलै

ती. ताईस सा. न.

पत्र वाचलं. मी चुकलो, असा नवा लेख त्याच दिवशी लिहिला. संपादक म्हणाले, महिन्याभरात मत फिरवणाऱ्याला वाचक हिंग लावूनही विचारत नाहीत, आणि वरून आभार आलेत ते कुठे ठेवायचे? माझ्या जागी खताची जाहिरात लागली. मग मला भाट म्हणणाऱ्याला फोन केला. तो खूश झाला. तुझ्या फजितीवर आनंदाने लिहीन म्हणाला, पण खेड्यातलं स्मशान कोण वाचणार?

मी नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नाही, मला तिथे बसवेना इतकंच.

हे पत्र दोव्याकडे येणाऱ्या मिनीबसवाल्याच्या हाती देतोय. मी गुरुवारच्या बसने निघतो. तो साहेब गावासमोर माझंच वाक्य मला वाचून दाखवेल. त्याला काय उत्तर द्यायचं, ते अजून सुचलेलं नाही आणि मला भीती वाटते आहे. या वेळी लिहून आणणार नाही.

चटई टाक. आईच्या बाजूला टाक.

तुझा,
लुफेयो