पुढचा डावा टायर

७ ऑक्टोबर
पुढचा डावा टायर पुन्हा बाहेरच्या कडेने खाल्ला. घालून पाच महिनेसुद्धा झाले नाहीत! उजवा अजून नव्यासारखा. तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली, आणि हे एवढंसं चाक मला दाद देत नाही.

८ ऑक्टोबर
हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या. जास्त असती तर मधला भाग. म्हणजे हवा नाही. मागच्या सीटवर बायकोचे, सत्यवतीचे, मासळीचे क्रेट डाव्या अंगाला असतात — त्यांचंच वजन. तिला म्हटलं, उजवीकडे ठेव. ठेवले मुकाट्याने. मग बाजारापर्यंत तिची बडबड — "खड्डा हाय, जरा उजवीकडं घ्या." गाडी मी चालवतो की ही?

१५ ऑक्टोबर
मिरजोळ्याला नितेशच्या गॅरेजात अलाइनमेंट करून घेतली. चाकं वाकडीच होती. चला, कारण सापडलं! घरी सांगायला आलो तर सत्यवती बचतगटात. हल्ली रोज दुपारी तिचा बचतगट असतो.

२ नोव्हेंबर
स्टिअरिंग पुन्हा डावीकडे ओढतंय. नितेशवर चिडलो. तुला मशीन वापरता येत नाही, म्हणालो. तो ठेचलेल्या रिमवरून हात फिरवत राहिला. "काका, अलाइनमेंट आपोआप नाय बिघडत. डावं चाक सारखं डांबरावरनं खाली उतरतंय, खड्ड्यात आपटतंय. उजव्याला कायच नाय." मग हळूच, "डोळे कधी तपासलेत?"
गाडी काढून तडक घरी आलो.

३ नोव्हेंबर
सकाळी खुर्चीत बसून उजवा डोळा हाताने झाकला. समोरचं कॅलेंडर दिसेना. भिंतसुद्धा नाही, नुसतं धुकट काहीतरी. हात काढला, कॅलेंडर जागेवर.
भीती वाटली. डोळ्याची वाटलीच, पण त्याहून जास्त सत्यवतीची. तिचा धंदा या गाडीवर चालतो. आणि इतके दिवस मी तिला त्याच आंधळ्या बाजूला बसवून नेतोय. आज गाडी काढली नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. तिने रिक्षा केली.
नितेशची माफी मागायला हवी.

४ नोव्हेंबर
सत्यवतीला सगळं सांगितलं. सुरमई कापता कापता म्हणाली, "ठाऊक हाय मला." हात धुऊन आली आणि देवघरामागून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आत ड्रायव्हिंग लायसन. तिच्या नावाचं, गेल्या आठवड्यातलं.
बचतगट कसला! म्हटलं, मग बोलली का नाहीस?
"किल्ली मागून घ्यायची नव्हती मला," म्हणाली.