धंदा : वाचन

मी, देवकाबाई लक्ष्मणराव गभणे, वय साठीच्या पुढे (शाळेत नाव घालताना बापाने जन्मतारीख अंदाजाने सांगितली, म्हणून याहून नेमके लिहिता येत नाही), माहेर एकोडी, सध्या राहणार अड्याळ, जिल्हा भंडारा, धंदा वाचन, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाला न भिता आणि कोणाच्या गोडीगुलाबीला न भुलता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

स्वतःच्या हाताने लिहिण्याचे कारण असे. आधी मी भंडाऱ्याला कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेले होते. नाव, गाव त्याने बरोबर लिहिले. धंदा विचारला तेव्हा मी वाचन सांगितले, तर तो टोपणाने कान खाजवीत हसला. "बाई, वाचन हा का धंदा होते का? घरकाम लिवतो." मी म्हटले, "घरकाम तं तुमची बायकोई करते. मी जिंदगीभर काय केलं ते लिवा." त्याने वर पाहिले नाही, पुढच्या माणसाला बोलावले आणि माझ्या कागदावर लिहिले, 'धंदा : काही नाही'. मी तो कागद त्याच्या हातून ओढून घेतला आणि परतीच्या गाडीत त्याचे तुकडे केले. मी शुद्धीवर आहे की नाही अशी शंका कोणाला पुढे कोर्टात काढायची असेल, तर त्या अर्जनवीसाला साक्षीला बोलवावे.

कलम पहिले. माझे अड्याळचे राहते घर, दोन खोल्या, पुढची सपरी (म्हणजे ओसरी), मागचे अंगण आणि विहिरीतला अर्धा हिस्सा. हे घर माझे पती लक्ष्मणराव आणि मी आमच्या कमाईतून बांधले असून त्यांच्या मागे ते माझ्या नावावर चढले आहे. वडिलोपार्जित धानाचे वावर दीर घनश्याम, इश्वरचा बाप, जिवंत असतानाच वाटून झाले, त्यात मी काही मागितले नाही आणि आता माझ्या घरात कोणी काही मागू नये. सपरीवरचे छप्पर तर निव्वळ माझ्या एकटीच्या कमाईचे आहे. त्याचे कवेलू, म्हणजे कौले, मी बिड्या वळून आणि वाचून घातलेले आहेत. हे वाक्य वाचून माझा पुतण्या इश्वर हसेल. हसू दे.

कलम दुसरे. वरील संपूर्ण घर, सपरीसकट, मी इश्वरची मुलगी चंद्रकांता इश्वर गभणे, वय अठरा, धंदा __________, हिला देत आहे. धंद्याची जागा मी कोरी सोडली आहे. ती भरायची की नाही ते हे मृत्युपत्र लिहून होईपर्यंत ठरवीन.

मला मूलबाळ नाही, म्हणून घर आपल्यालाच येणार असे इश्वरने धरून ठेवले होते. तो वरठीच्या कारखान्यात नोकरीला आहे, राजदूत मोटरसायकलने जातो-येतो, त्याला राहायला त्याचे पक्के घर आहे. या उन्हाळ्यात त्याने मला न विचारता, गावात बिड्या वळून घेणाऱ्या पुंडलिकराव सट्टेदाराला शब्द देऊन टाकला की पाऊस लागायच्या आत तेंदूपानाची पोती काकूच्या सपरीत ठेवा, भाडे मला द्या. मी जिवंत असताना! मी खाटेवर बसलेली असताना तो टेपाने सपरी मोजत होता. मी विचारले, दुपारी बिड्या वळायला येणाऱ्या बायका कुठे बसतील? तर म्हणतो, "बिड्या का, त्या आपापल्या घरी वळतीन." आणि वाचन? "काकू, वाचून का पोट भरते का वो?"

इश्वर, हे तू आता नीट वाच. वाचून माझे पोट भरले आहे. तुझेही भरले आहे. तुझी आई आजारी होती तेव्हा तुझ्या पोटात जी भाकर गेली ती या सपरीतल्या वाचनाची होती. कशी, ते सांगते.

माझे पती गेले तेव्हा मी पुंडलिकरावांकडून पान-तंबाखू आणून बिड्या वळू लागले. आमच्या आळीच्या बायका दुपारी माझ्या सपरीत येऊन बसत. मला चौथीपर्यंतची शाळा आणि वाचायचे वेड. पुडीचा कागदही मी सोडत नसे. एके दिवशी रुखमा मंगरू मेश्राम म्हणाली, "तू मनातल्या मनात कायले वाचतं वो? आमाले आयकू येईन असं वाच ना." मी म्हटले, वाचीन, पण हातात पुस्तक असले तर बिड्या कोण वळील? तेव्हा धुरपता धनीराम हटवार हिने आपल्या सुपातून चार बोटांत मावतील तेवढ्या बिड्या उचलून माझ्या सुपात टाकल्या. "हे घे. वाच आता." सगळ्यांनी टाकल्या. तेव्हापासून ही आमच्या सपरीची रीत झाली. जी वाचील तिचे सूप बाकीच्या भरतील. कोणी लिहून दिले नाही, कोणी मोजले नाही. सट्टेदाराकडे माझ्या नावावर माल पूर्ण जात असे आणि त्यातली एकही बिडी मी वळलेली नसे. याला धंदा म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

कलम तिसरे, पुंडलिकरावांविषयी. माझ्या लोखंडी पेटीत तळाशी बिड्यांचा एक जुना कट्टा फडक्यात बांधून ठेवला आहे. तो मी पुंडलिकराव सट्टेदार यांना देत आहे. त्यांनी तो माझ्या तेराव्याला येऊन स्वतःच्या हाताने न्यावा.

तो कट्टा कसला हे नव्या सुनांना माहीत नाही, म्हणून लिहिते. आणीबाणीच्या आधीच्या वर्षी आम्ही एक कादंबरी वाचत होतो. तिच्यात एका बाईचे लेकरू तापाने जाते, आणि सासरची माणसे तिला त्याला मांडीवर घेऊ देत नाहीत. त्या दुपारी सपरीत कोणी कोणाकडे पाहत नव्हते. सगळ्यांचे डोळे गळत होते आणि हात मात्र सवयीने चालले होते, पान कापायचे, गुंडाळायचे, दोरा बांधायचा. संध्याकाळी माल कारखान्यात गेला. तपासनीसाने एक कट्टा फोडला, दुसरा फोडला आणि पुंडलिकरावांना हाक मारली. बिड्या सुरेख, दोरा घट्ट, तोंडे दुमडलेली. आत तंबाखूच नव्हती. एकीच्याही बिडीत नव्हती.

पुंडलिकराव दुसऱ्या दिवशी सपरीत पायताण न काढता आले. "लोकं का हवा ओढतीन का वो बाई?" एवढ्यावर थांबले असते तर मीही हसले असते. चूक आमची होती, माल बाद केला ते रास्तच होते. पण त्यांनी माझ्या मांडीवरचे पुस्तक उचलून अंगणात भिरकावले, शेणकाल्यात. म्हणाले, "उद्यापासून वाचनं बंद. नाई तं पान-तंबाखू बंद." तेव्हा धुरपताने आपले सूप पालथे घातले. "वाचनं बंद तं वळनंई बंद." सगळ्यांची सुपे पालथी झाली. घरोघरी चुली थंड होत्या, नवरे ओरडत होते, तरी एकही बाई पान आणायला गेली नाही. शेवटी तेच आले. वाचा म्हणाले, पण रडायचे वाचू नका.

मी रडायचेच वाचले. तीच कादंबरी, शेण पुसून, त्याच पानापासून. फक्त बायकांनी आपला एक नियम केला, आधी तंबाखू घालायची आणि मग रडायचे. त्यानंतर आमचा माल रडण्यापायी कधी बाद झाला नाही. पुंडलिकरावांनी मात्र त्या पुस्तकाबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही. मी त्यांना माफ केलेले नाही. मेल्यावरही करणार नाही.

कलम चौथे. कोपऱ्यात जो खराटा आहे तो वासुदेवराव यांना द्यावा. ते गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत.

वाचनालय निघाले तेव्हा मी अर्ज केला होता. गावात माझ्याइतके वाचलेले माणूस आहे का हे त्यांनी आधी पाहायला हवे होते. त्यांनी आपल्या जावयाला पाहिले. मला म्हणाले, "देवकाबाई, तिथं मानसं पेपर वाचाले येतेत, तुमी कुठं बसान? झाडझूड कराले या." मी गेले, कारण आत पुस्तके होती. झाडता झाडता उभ्याने वाचत असे. जावई टेबलावर डोके ठेवून झोपे आणि पगार घेई. मग त्याने कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली कुठेतरी हरवली. मी कुलूप फोडा म्हणून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. वासुदेवराव म्हणाले, ठराव करावा लागेल. ठराव होईपर्यंत उदईने, म्हणजे वाळवीने, एकूण एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढले. कपाट उघडले तेव्हा नुसती माती खाली आली. मी त्या मातीत हात घालून बसले आणि आयुष्यात प्रथमच चारचौघांत शिव्या दिल्या. त्या शिव्या मी परत घेत नाही.

आणखी एक. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात दोन वर्षे मी पडद्यामागे उभी राहून नटांना वाक्ये पुरवली. ज्यांना आपले नाव पुरवावे लागे अशांना गावाने शाली दिल्या. मला नारळ दिला, तोही नासका निघाला. नाटक मंडळाला मी काही देत नाही. आणि प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा माझी शाळा चौथीच, म्हणून नेमणूक दुसरीची झाली आणि शिकवायला ती मला बोलावून न्यायची. तिला मी नाव न घेता सोडून देते, कारण त्या वर्गातच रुखमा सही करायला शिकली.

कलम पाचवे. पोस्टात माझ्या नावावर जे असेल ते चंद्रकांताच्या पुढच्या शिक्षणाला लावावे. ग्रंथपालाचा वर्ग असतो आणि तो केला की नेमणुकीचा कागद मिळतो हे मी वर्तमानपत्रात वाचले आहे. माझ्याजवळ तो कागद नव्हता म्हणून माझ्या हातात खराटा आला. तिच्या हातात खराटा येता कामा नये. दहावी झाल्यावर इश्वरने तिची शाळा सोडवली. म्हणे पोरगी पुस्तकात डोके घालून बसते, अशीले बायको कोण करीन? ज्याला करायची नसेल त्याने करू नये. पण तिची शाळा बापाने सोडवली हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे ते कागदावर राहील.

माझी पुस्तके, माझा चष्मा, कैची, पान कापायचा फर्मा आणि माझे सूप चंद्रकांताला. चष्मा तिला लागत नाही आणि मला आता त्याचा उपयोग नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, या ओळी मी कागद नाकाला लावून लिहीत आहे. होळीपासून सपरीत वाचन झालेले नाही. बायका येतात, मुकाट वळतात आणि जातात. याचा मला जेवढा राग येतो तेवढा मरणाचाही येत नाही.

अट एकच. सपरीत पोती ठेवायची नाहीत, कोणाचीही, कितीही भाडे आले तरी. तिथे दुपारी बायका बसतील. चंद्रकांता शिकायला बाहेरगावी गेली तर जिला वाचता येईल तिने वाचावे. माझ्या तेराव्याला भाड्याने पोथी वाचणारा आणू नये. घरात वाचणाऱ्या आहेत.

कलम सहावे. हे कलम सह्या होण्याच्या आधी, साक्षीदारांच्या समोर लिहीत आहे.

आज दुपारी अंगठा देण्यासाठी मी धुरपताला बोलावले, तर ती म्हणाली, "न आयकता मी अंगठा लावत नसतो. वाचून दाखव." माझ्याने वाचवेना. म्हणून चंद्रकांताने सपरीत बसून हे सगळे पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले. आधी ती हळू आवाजात वाचत होती, कारण बाप अंगणात मोटरसायकलला टेकून उभा होता. बापाविषयीच्या ओळी आल्या तेव्हा ती अडखळली. रुखमा म्हणाली, "लिवलं हाय तसंच वाच पोरी." तिने तसेच वाचले, एक शब्द न गाळता. तंबाखू नसलेल्या बिड्यांपाशी बायका खो खो हसल्या. हात चाललेच होते.

वाचून झाले. धुरपताने अंगठ्याला शाई लावायच्या आधी आपल्या सुपातून बिड्या उचलल्या आणि चंद्रकांताच्या पुढ्यातल्या सुपात टाकल्या. मग रुखमाने टाकल्या. मग सगळ्यांनी. इश्वर अंगणातून म्हणाला, "हे कायले देऊन राहिल्या तिले?"

धुरपता म्हणाली, "मजुरी हाय तिची."

सूप काठोकाठ भरले होते, ते इश्वरने पाहिले.

कलम दुसऱ्यातली कोरी जागा मी या कलमाने भरत आहे. तिथे आता धंदा वाचन असे वाचावे. यात खाडाखोड नाही.

ठिकाण : अड्याळ, माझी सपरी
तारीख : २ जून १९८६

लिहून देणार : देवकाबाई लक्ष्मणराव गभणे (सही)

साक्षीदार :
१. रुखमा मंगरू मेश्राम, राहणार अड्याळ (सही). धंदा : बिडी वळणे आणि ऐकणे.
२. धुरपता धनीराम हटवार, राहणार अड्याळ (डाव्या हाताचा अंगठा). धंदा : वरीलप्रमाणे.