दहापैकी दहा

१९ नोव्हेंबर
मंगळवार, दुपार

प्रिय धाकटे,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुर करतात, पण तीन जिने अजून चढते. इंग्रजीची शिकवणी चालू आहे. यंदा चौदा मुलं आहेत आणि चौदाही जणांना फ्रेज कुठली नि क्लॉज कुठला ते कळत नाही, म्हणजे मला अजून बरीच वर्षं मरायला सवड नाही.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. नात झाल्याचं वाचून मी शेजारच्या शिंपीणबाईंना हाक मारून सांगितलं. त्या लगेच झबलं शिवायला बसल्या. मग मी पुढचं पान वाचलं.

सून महिन्याभरात कामावर जाणार, बाळाला तू सांभाळावंस असं दोघं म्हणतात, आणि तू चक्क नाही म्हणालीस. "माझ्याजवळ लेकरू ठेवू नका, मला कळत नाही." हे वाक्य तू त्या पोरीला ऐकवलंस. मला गुरुवारपासून घास गोड लागत नाही.

खरं तर आज इकडचं तिकडचं लिहून पत्र संपवणार होते. दोनदा संपवलंही. दोन्ही कागद फाडले.

माझी शिकवायची पद्धत तुला ठाऊक आहे. तू हसायचीस तिला. इंग्रजी शब्दांचा पुंजका दिसला की आधी क्रियापद शोधायचं, मग ते करणारा कोण ते बघायचं. दोन्ही सापडले तर क्लॉज, नाहीतर फ्रेज. "अर्थात शिरू नका, अर्थ फसवतो," हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. तीस वर्षांत या पद्धतीने एकही मूल या प्रश्नात चुकलेलं नाही.

तुझ्या लेकीने, आपल्या भिंगरीने, एकदा भर वर्गात विचारलं होतं, "मावशी, बाहेर कुणी 'आग लागली' म्हणून ओरडलं, तरी आधी क्रियापदच शोधायचं का?"

"हो," मी म्हटलं, "आणि मग बादली."

सगळा वर्ग खिदळला. मीही हसले. 

त्या वर्षी ती नेहमी पाच-सात मिनिटं उशिरा यायची. जिन्यात पावलं वाजायची, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायची, बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा वाजायची. मी वरून ओरडायचे, "राणीसाहेब, पालखी पाठवू का?" ती वर येऊन दाराला टेकायची आणि हसायची. बोलायची नाही. मला वाटायचं, लाजते आहे.

ती शाळेच्या जिन्यात कोसळली त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर तू मला विचारलंस, "ताई, रोज दीड तास तुझ्यासमोर बसायची. कधी काही बोलली का गं?" डॉक्टर तुला नुकतेच म्हणाले होते की पोरीला कितीतरी महिने दम लागत असणार, वेळीच कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "नाही. बोलली असती तर मी गप्प बसले असते का?"

त्या दिवशी ते खरं होतं. निदान मला खरं वाटत होतं.

सोबतच्या पाकिटात एक वही आहे. परवा कपाट आवरताना सापडली असं लिहिणार होते. ते खोटं आहे. ती गेली त्याच्या आदल्या शनिवारी मी वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. नंतर सगळ्यांच्या परत गेल्या, हिची राहिली. ती गेल्यावर बारा दिवसांनी मी ती पुन्हा उघडली आणि पहिल्यांदा अर्थासाठी वाचली. म्हणजे नऊ वर्षं ती माझ्याकडे आहे.

दहा फ्रेज आणि दहा क्लॉज मनाने लिहून आणा, असं मी सांगितलं होतं. तिने लिहिलं: 'विथ वन हँड ऑन द वॉल', एक हात भिंतीला लावून. 'व्हेन आय क्लाइम्ब द स्टेअर्स', मी जिना चढते तेव्हा. 'बिफोर इट हर्ट्स अगेन', पुन्हा दुखायच्या आत. आणि नववा: 'बिकॉज आई इज टायर्ड', कारण आई दमली आहे. तेव्हा तिचे बाबा अंथरुणाला खिळलेले होते आणि तू रात्रंदिवस त्यांच्याजवळ. तिने तुला का नाही सांगितलं, ते त्या एका ओळीत आहे.

त्या शनिवारी तपासताना मी प्रत्येक ओळीत क्रियापद शोधलं. वीसही ठिकाणी बरोबरची खूण केली. खाली लाल शाईत लिहिलं: "दहापैकी दहा, दोन्हींत. शाबास. वेळेवर येत जा."

तिने मला सांगण्यासाठी लिहिलं, की नुसत्या ओळी भरायला, हे मला आजही ठरवता येत नाही. पण लिहिलं माझ्या शिकवणीच्या वहीत.

आणखी एक राहिलं. ती गेल्यावर तिसऱ्या वर्षी तू माझ्याकडे राहायला आली होतीस. फडताळ पुसताना ही वही तुझ्या हातात आली. तू अक्षरांवरून बोट फिरवत विचारलंस, "हिचंच अक्षर ना गं? काय लिहिलंय?" मी पोळी लाटत होते. मान वर न करता म्हटलं, "व्याकरण आहे." तू वही कपाळाला लावलीस आणि जागेवर ठेवलीस. तुला इंग्रजी वाचता येत नाही, एवढ्याच भरवशावर मी नऊ वर्षं काढली.

आता प्रत्येक ओळीखाली मी पेन्सिलीने मराठी लिहिलं आहे. शाईचा शेरा खोडलेला नाही.

पावलं मला अजून ऐकू येतात. चार वाजून गेले की कुणीतरी दुसऱ्या मजल्यापर्यंत येतं आणि थांबतं. मी दारात जाऊन म्हणते, "सावकाश ये, घाई नाही." मुलं एकमेकांना कोपर मारतात. त्यांना वाटतं बाईंना कमी ऐकू येतं. पुढे कुणी वर येत नाही.

तू मला काय म्हणशील ते म्हण. पत्र टाकू नकोस, दार लावून घे, मी समजेन. पण सुनेला सांग की तू चुकीचं बोललीस. तुझ्या लेकीने तुझा थकवा ओळखला होता, ते ती तुझ्याकडूनच शिकली असणार. जिला कळलं नाही ती बाई तू नव्हेस. बाळाला घे.

शिंपीणबाईंचं झबलं वहीच्या खाली ठेवलं आहे.

फार उशिरा वर पोचलेली,
तुझी ताई