पत्ता चुकलेलं औषध

९ नोव्हेंबर, दुपार

लाडक्या बारक्या,

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला जरा जास्त घातलेत. फोनवर माझं निम्मं तुला कळत नाही आणि मेसेज तू दोन ओळींपुढे वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. पूर्ण वाच. मध्येच घडी करून खिशात कोंबू नकोस.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजींची पाठ बरी आहे, तोंडही पूर्वीसारखंच चालू आहे. आमच्या प्रयोगशाळेतला एसी परत बिघडला. दुरुस्तीला आलेला माणूस नुसता त्याच्याकडे बघत बसला. तू असतास तर इंजिनाला लावतोस तसा स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याच्या मुठीला कान लावून, दोन मिनिटांत दुखणं सांगितलं असतंस.

तुझ्या बायकोचा निरोप आला. केमोचे दोन डोस घेऊन तू दवाखान्यात जायचंच बंद केलंस म्हणे. "ताईचं औषध येईपर्यंत थांबतो" म्हणतोस. ती बिचारी मलाच विचारते, "ताई, कधी येणार हो ते?" काय सांगू मी तिला?

तुझा राग समजतो मला. केमोतल्या त्या प्लॅटिनमच्या औषधाने गाठ निम्मी केली, पण कानही निम्मे नेले. सारखी शिट्टी वाजते, इंजिनातली बारीक खरखर तुला येत नाही. आणि तुझं पोट तर त्या कानांवरच.

आम्ही तेच प्लॅटिनम डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत भरतो. कणांवर अशी खूण लावतो की त्यांनी फक्त गाठीला जाऊन चिकटावं, कानाला नि किडनीला धक्का लावू नये. हे मीच तुला सांगितलं होतं. कण पोचून गाठ चमकत असलेल्या उंदराचा फोटोही पाठवला होता. तू तो गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलास आणि "आमच्या ताईचा उंदीर" म्हणून गिऱ्हाइकांना दाखवत सुटलास.

मूळ गोष्टीवर अजून आले नाहीये मी. मध्येच उठून चहा करून आले, तो तसाच गार झाला.

फोटो खरा होता रे, थोडे कण गाठीत पोचले होते. पण गेल्या आठवड्यात आम्ही सगळ्या उंदरांच्या एकेका अवयवात किती प्लॅटिनम पोचलं ते मोजलं. गाठीत जेमतेम. बहुतेक सगळं यकृताने गिळलं. बाहेरचं काही आलं की शरीर ते तिकडेच ओढून नेतं, आमच्या खुणेला त्याने जुमानलंच नाही. आमचे सर टेबलावरचे कागद सरळ करत बसले. आता पुन्हा पहिल्यापासून. आणि उद्या जमलं तरी उंदरापासून माणसापर्यंत यायला वर्षं लागतात. तुझी गाठ तेवढी थांबणार नाही, बारक्या.

तुझ्या डॉक्टरांशी बोलले. याच जातीचं एक सौम्य औषध आहे, त्याचं विचारलं. म्हणाले, "या गाठीला ते पुरं पडत नाही. हेच पूर्ण घेतलं तर बरा होईल तो. अर्धवट सोडलं तर परत उठेल, आणि मग आमच्या हातात फारसं राहणार नाही." कानांचं विचारलं तर म्हणाले, "उरलंसुरलंही जाईल बहुधा."

तुझे कान वाचवायला निघालेली मी, आणि मीच सांगतेय, कान जाऊ देत. सोमवारी जा आणि सलाईन लावून घे. मी रविवारीच येते. गॅरेजचं काय ते मग बघू. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी ऐकून घेईन. पण तू मेलास तर मी काय करू, ते मला माहीत नाही.

माझ्या औषधाची वाट बघू नकोस. कधी जमलंच, तर दुसऱ्या कुणाच्या भावाचे कान त्याने वाचतील. त्या दिवशी मला फार रडू येणार आहे, तेव्हा तू शेजारी हवास. तुला माझं रडणं ऐकू आलं नाही तरी चालेल.

तुझी,
वेळेवर न पोचलेली
ताई